डॉक्टर गोठ्याची चौकशी का करतात?



या खेपेला एका वहिनींचे पत्र आधी तुमच्यापुढे ठेवतो. नाव-गाव गाळले आहे, बाकी मजकूर त्यांचाच आहे.

"डॉक्टरसाहेबांना नमस्कार. तुमचे पान आमच्या घरी नेमाने वाचले जाते. माझ्या धाकट्या दिरांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. तीन वर्षांपूर्वी आमच्या सासूबाईंनी त्यांना आपले एक मूत्रपिंड दिले. ऑपरेशन चांगले झाले. दोघे मायलेक बरे होते. वर्षभरात भाऊजी शेतावर जाऊ लागले. आता तीन आठवडे झाले, त्यांना अंगात बारीक ताप आहे, कोरडा खोकला आहे, जेवण तुटले आहे. तालुक्याच्या डॉक्टरांनी दोन वेळा औषध बदलले, गुण नाही. मग मोठ्या इस्पितळात नेले. तिथले डॉक्टर औषध द्यायचे सोडून प्रश्नच विचारत बसतात. अनवाणी चालता का, घराच्या माळ्यावर कबुतरे आहेत का, कुत्रे चावले होते का, दूध कच्चे पिता का, उकिरडा कोण उपसतो? आता म्हणतात, फुप्फुसात नळी घालून आतले पाणी तपासायचे. सासूबाई चिडल्या आहेत. म्हणतात, 'मी माझ्या पोटातला गोळा काढून दिला तो काय कबुतरे मोजायला?'

"दुसरी गोष्ट अशी की, भाऊजींना गोठ्यात आणि खतात काम करू नका असे पहिल्यापासून बजावले होते. ते ऐकत नाहीत. यंदा उन्हाळ्यात त्यांनीच उकिरडा उपसून शेतात खत पसरले. हे आम्ही डॉक्टरांना सांगितलेले नाही. सांगितले तर ते रागावतील आणि 'ऐकत नसाल तर आमच्याकडे येऊ नका' म्हणतील, अशी घरात सगळ्यांना भीती आहे. काय करावे ते कळवा."

पत्राच्या शेवटी फोन नंबर होता. छापील उत्तराची वाट बघत बसावे असे हे दुखणे नव्हे. म्हणून त्याच संध्याकाळी वहिनींना फोन केला आणि एकच गोष्ट सांगितली: उद्याच्या पहिल्या एस.टी.ने जा आणि उकिरड्याची हकिगत डॉक्टरांच्या कानावर घाला. रागावले तर रागावू द्या.

असे का सांगितले, ते आज सविस्तर लिहितो. आता आपल्या खेड्यापाड्यांतही मूत्रपिंड किंवा यकृत बदललेली माणसे दिसू लागली आहेत. तेव्हा हा प्रश्न एका घरापुरता राहिलेला नाही.

झोपवलेला राखणदार

आपल्या रक्तात राखणदार असतात. परक्याला ओळखायचे आणि हुसकावून लावायचे, एवढेच त्यांचे काम. जंतू परका आणि दुसऱ्याचे मूत्रपिंडही परकेच. ते आईचे असले तरी राखणदार नाते बघत नाही. १९५४ साली अमेरिकेत बॉस्टन शहरी डॉ. जोसेफ मरे यांनी पहिले यशस्वी मूत्रपिंडरोपण केले, ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये. दोघांचे शरीर एकाच बियाण्याचे, म्हणून राखणदार गप्प बसले. बाकीच्यांना हे भाग्य नाही. आपल्या देशात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ साली पहिले यशस्वी मूत्रपिंडरोपण झाले. तेव्हापासून आजतागायत प्रत्येक रोग्याला राखणदार झोपवणारी औषधे घ्यावी लागतात. ती जन्मभर घ्यावी लागतात.

शेतकऱ्याला मौज वाटेल अशी एक गोष्ट सांगतो. ही औषधे मातीतूनच आली आहेत. सायक्लोस्पोरिन हे औषध नॉर्वे देशातल्या हार्डांगरविडा नावाच्या पठारावरच्या मातीत सापडलेल्या बुरशीपासून मिळाले. १९८३ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली आणि अवयवरोपणाचे सारे चित्र पालटले. आज बहुतेकांना जे टॅक्रोलिमस देतात, ते जपानमधल्या त्सुकुबा डोंगराच्या पायथ्याच्या मातीतल्या जंतूपासून १९८४ साली शोधले गेले. ज्या मातीने औषध दिले, त्याच मातीत या औषधाने दुबळ्या झालेल्या माणसावर टपलेले जंतूही आहेत.

राखणदार झोपला म्हणजे चोराला वाट मोकळी होते, हे कोणालाही समजेल. पण दुसरी गोष्ट चटकन लक्षात येत नाही. ताप येणे, सूज येणे, पू होणे, गाठ दुखणे हा सारा राखणदाराचाच आरडाओरडा असतो. तोच झोपलेला असला तर ओरडणार कोण? म्हणून धडधाकट माणसाला ज्या दुखण्यात १०४ डिग्री ताप भरेल, त्याच दुखण्यात रोपण झालेल्या माणसाला ९९ वर भागते. कधी ताप येतच नाही. फक्त जेवण तुटते, अंग गळून जाते, डोके जड राहते. घरचे म्हणतात, "थोडी कणकण आहे." आत मात्र चोर अर्धे घर धुऊन नेत असतो.

आणखी एक अडचण आहे. पुष्कळ रोगांची रक्ततपासणी म्हणजे राखणदाराने काढलेल्या शस्त्रांची मोजणी असते. त्यांना प्रतिद्रव्ये किंवा अँटिबॉडी म्हणतात. राखणदाराने शस्त्रच काढले नाही, तर रक्ततपासणी "रोग नाही" असे सांगते आणि रोग तर असतो. म्हणून डॉक्टरांना प्रत्यक्ष चोरच पकडावा लागतो. जिथे तो दडला आहे तिथले पाणी किंवा सुईने तुकडा काढून, सूक्ष्मदर्शकाखाली बघून, लॅबमध्ये वाढवून. भाऊजींच्या फुप्फुसात नळी घालायची म्हणत होते ती यासाठी.

छायाचित्रात सारखे, मुळात वेगळे

आता भाऊजींचेच उदाहरण घेऊ. बारीक ताप, खोकला, छातीच्या स्कॅनमध्ये दोन-तीन डाग. आपल्या मुलखात कोणीही म्हणेल, "क्षय." डॉक्टरही पहिला विचार क्षयाचाच करतात, कारण रोपण झालेल्या माणसांत आपल्याकडे क्षय पुष्कळ आढळतो. मग सरळ क्षयाची औषधे सुरू का करत नाहीत?

कारण क्षयावरचे मुख्य औषध रिफॅम्पिसिन हे शरीरातले टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन झपाट्याने जाळून टाकते. रक्तातले त्यांचे प्रमाण घसरते, राखणदार खडबडून जागा होतो आणि आईने दिलेल्या मूत्रपिंडावर तुटून पडतो. क्षय असेल, तर डॉक्टर औषधांची जुळणी बदलून, रक्तातले प्रमाण पुन्हा पुन्हा मोजून हा धोका पार करतात. पण क्षय नसतानाच ही औषधे दिली, तर रोग रेड्याला आणि औषध पखालीला. रोग तिथेच राहतो आणि मूत्रपिंड हातचे जाते.

क्षयासारखेच डाग उमटवणारे आणखी कोण आहेत, ते बघा.

पहिला नोकार्डिया. याचे नाव एदमों नोकार या फ्रेंच पशुवैद्याच्या नावावरून पडले. १८८८ साली त्याने ग्वादलूप बेटावरच्या गुरांच्या दुखण्यात हा जंतू शोधला. गुरांच्या डॉक्टरने शोधलेला हा जंतू मातीत आणि कुजलेल्या पालापाचोळ्यात राहतो. धुळीबरोबर नाकातून फुप्फुसात जातो आणि तिथून मेंदूतही शिरतो. क्षय शोधताना थुंकीला तांबडा रंग देतात आणि मग आम्लाने धुतात. क्षयाच्या जंतूचा रंग पक्का असतो, धुतला तरी जात नाही. नोकार्डियाचा रंग अर्धाकच्चा. तीव्र आम्लाने धुतला तर निघून जातो, सौम्य आम्लाने धुतला तर फांद्या फुटलेल्या बारीक तांबड्या दोऱ्यांसारखा दिसतो. तेव्हा तपासणाऱ्याला आधीच सांगितलेले असावे लागते, "नोकार्डियाही बघा."

लॅबमध्ये जंतू वाढवतात, ती एक प्रकारची पेरणीच. नेहमीचे जंतू मेथीसारखे, दोन-तीन दिवसांत वर येतात. नोकार्डिया सावकाश उगवतो. कधी आठवडा, कधी दोन-तीन आठवडे लागतात. कोणी सांगितले नाही, तर लॅबवाला तिसऱ्या दिवशी "काही उगवले नाही" असे लिहून ताटली टाकून देतो. त्याची चूक नाही. रोज शेकडो नमुने येतात, सगळ्या ताटल्या महिनाभर कोण राखणार? "रोगी उकिरडा उपसत होता" हे एक वाक्य कळले, तरच ताटली राखून ठेवली जाते. तुम्ही लपवलेली गोष्ट आणि टाकून दिलेली ताटली यांचा असा संबंध आहे.

दुसरी मंडळी बुरशीची. कुजक्या गवतात, ओलसर कडब्यात, दमट भुशात बुरशी धरते. पोते झटकले की धुरळा उडतो, त्यात तिचे बी असते. यातली एक अॅस्परजिलस. दुसरी म्युकरची जात. २०२१ साली करोनाच्या लाटेपाठोपाठ "काळी बुरशी" म्हणून जिने आपल्याकडे कितीतरी लोकांचे डोळे आणि जबडे घेतले, तीच ही. छायाचित्रावरून दोघींमधला फरक सांगणे अवघड. तुकडा काढून बघितला, तर पहिलीचे तंतू बारीक आणि तिरक्या फांद्यांचे, दुसरीचे रुंद, फितीसारखे आणि काटकोनात फुटलेले दिसतात. हा फरक नुसता पुस्तकी नाही. व्होरिकोनॅझोल हे औषध पहिलीवर चांगले चालते आणि दुसरीवर मुळीच चालत नाही. दुसरीला अँफोटेरिसिन लागते, ते मूत्रपिंडाला जड पडते, आणि सडलेला भाग कापून काढावा लागतो. अंदाजाने औषध देणे म्हणजे साप म्हणून भुई धोपटणे.

तिसरा जंतू भातशेतीवाल्यांनी ध्यानात ठेवावा. मेलिऑइडोसिस हे त्या रोगाचे नाव. १९१२ च्या सुमारास रंगूनमध्ये व्हिटमोर आणि कृष्णस्वामी या डॉक्टरांनी त्याचे पहिले वर्णन केले. याचे जंतू चिखलात आणि साचलेल्या पाण्यात राहतात, पावसाळ्यात जोर करतात आणि पायाच्या भेगेतून किंवा श्वासावाटे शिरतात. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर, मंगळूर-उडुपीकडे, याचे रोगी दर पावसाळ्यात आढळतात. मधुमेहवाल्यांना याचा धोका मोठा, आणि रोपणवाल्यांनाही. क्षय समजून महिनोन् महिने चुकीचे औषध घेतलेले रोगी यात असतात. लॅबमध्ये जंतू उगवला तरी "हा पाण्यातला नेहमीचाच दिसतो" म्हणून बाजूला पडण्याची भीती असते. "लावणीच्या दिवसांत चिखलात होतो," हे शब्द इथे लाखमोलाचे ठरतात.

कबुतरे, अनवाणी पाय आणि कच्चे दूध

सासूबाईंच्या कबुतरांकडे येऊ. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी वाढते. धुळीतून ती फुप्फुसात जाते आणि तिथून मेंदूच्या आवरणात. रोग्याचे डोके दोन-दोन, तीन-तीन आठवडे दुखते, मान मात्र आखडत नाही, ताप नसल्यासारखाच. घरचे म्हणतात, उन्हाने डोके दुखते, चष्मा लागला असेल. पाठीच्या मणक्यातले पाणी काढून त्यात काळी शाई मिसळली, की काळ्या पार्श्वभूमीवर चंद्राला खळे पडावे तसे पांढरे कडे असलेले गोल दाणे दिसतात. आता तर पट्टीवरच्या तपासणीत दहा-पंधरा मिनिटांत उत्तर मिळते. वेळेवर सापडले तर औषध आहे.

अनवाणी पायांचे म्हणाल, तर स्ट्राँगिलॉइडिस नावाचा सुतासारखा जंत ओल्या मातीतून पायाच्या कातडीवाटे शिरतो आणि आतड्यात घर करतो. इतर जंत काही वर्षांनी मरतात. हा मात्र आतल्या आत पुन्हा पुन्हा प्रजा वाढवत राहतो. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी ब्रह्मदेश-सयाम रेल्वेच्या कामावर राबवलेल्या ब्रिटिश युद्धकैद्यांच्या पोटात तो तीस-चाळीस वर्षांनीही जिवंत सापडला. धडधाकट माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. पण रोपणानंतर स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या, की या जंताची पिले आतड्याची भिंत भेदून अंगभर पसरतात आणि आतड्यातले जंतू पाठीवर घेऊन रक्तात नेतात. डॉक्टर "रक्तात जंतू झाले" म्हणून प्रतिजैविके देत राहतात आणि मूळ तसेच राहते. शौचाची तपासणी एकदा नव्हे, तीन-चार वेळा करावी लागते. सापडला तर आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या आहेत. म्हणूनच रोपणाच्या आधीच डॉक्टर विचारतात, "लहानपणी अनवाणी फिरत होता का?" आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर बहुधा "हो"च असते, आणि ते सांगायला लाजू नये.

कच्च्या दुधातून, आणि गाभडलेल्या गाई-शेळीची वार हाताने काढताना, ब्रुसेला नावाचा जंतू माणसात येतो. चढ-उतार करणारा लांबट ताप, सांधेदुखी, घाम ही त्याची लक्षणे. तोही सावकाश उगवतो. शिवाय लॅबमध्ये काम करणाऱ्यालाच त्याची बाधा होऊ शकते, म्हणून गाय गाभडल्याची गोष्ट सांगितली तर लॅबवालाही सावध राहतो.

न सांगितलेल्या गोष्टीची किंमत

तुम्ही म्हणाल, हे डॉक्टर लोक बारीकसारीक गोष्टींचा बाऊ करतात. तर मग ही हकिगत ऐका.

२००४ सालच्या मे महिन्यात अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात एक माणूस मेंदूत रक्तस्राव होऊन वारला. निदान स्पष्ट दिसत होते. नातेवाइकांनी अवयव दिले. यकृत एकाला, मूत्रपिंडे दोघांना. चौथ्या एका रोग्याला यकृत दुसऱ्या दात्याचे मिळाले होते, पण त्याच्या शस्त्रक्रियेत या माणसाच्या रक्तवाहिनीचा एक तुकडा वापरला गेला. महिन्याभराच्या आत चौघेही भ्रमिष्टासारखे करू लागले, हातापायांना झटके येऊ लागले. तऱ्हेतऱ्हेच्या तपासण्या झाल्या, काही सापडेना. चौघेही दगावले. नंतर त्यांच्या मेंदूचे तुकडे देशाच्या रोगनियंत्रण केंद्रात तपासले, तेव्हा निदान झाले: रेबीज, आपण ज्याला पिसाळ रोग म्हणतो तो. मग मागे चौकशी केली. तेव्हा कळले, की त्या दात्याला वटवाघूळ चावले होते आणि तसे तो बोललाही होता. ते बोलणे डॉक्टरांपर्यंत पोचले नव्हते.

याच्या उलट बाजू २०१३ सालची. अमेरिकेतच एक मूत्रपिंड मिळालेला रोगी रोपणानंतर जवळजवळ दीड वर्षाने रेबीजने वारला. दात्याला रॅकून नावाचा रानटी प्राणी चावलेला होता, आणि त्याच्या मरणाच्या वेळी मासे खाल्ल्याने विषबाधा झाली असावी असा समज झाला होता. पण या रोग्याचे निदान पक्के होताच त्याच दात्याचे अवयव मिळालेल्या बाकीच्या तिघांना शोधून काढले, लस टोचली, आणि तिघेही वाचले. एकाच्या निदानाने तिघांचे प्राण राखले.

आणि अगदी अलीकडे, २०२४ च्या डिसेंबरात, तिकडेच एका रोग्याला जे मूत्रपिंड मिळाले, त्याच्या दात्याला स्कंक नावाच्या प्राण्याने ओरबाडले होते. घरच्यांनी ही गोष्ट सांगितली होती, कागदावर लिहिलेलीही होती. पण तिचे महत्त्व वेळेवर कोणाच्या लक्षात आले नाही. रोगी २०२५ च्या जानेवारीत रेबीजने गेला. म्हणजे सांगणाऱ्याने सांगावे आणि ऐकणाऱ्यानेही कान देऊन ऐकावे. हे मी माझ्या डॉक्टर बंधूंसाठीही लिहितो आहे.

कधी कधी सगळे सांगूनही चोर सापडत नाही. २००६-०७ साली ऑस्ट्रेलियात एकाच दात्याचे अवयव मिळालेल्या तीन स्त्रिया चार-सहा आठवड्यांत तापाने गेल्या. ठाऊक असलेल्या सगळ्या तपासण्या कोऱ्या आल्या. शेवटी अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या डॉ. इयन लिपकिन यांच्या प्रयोगशाळेत त्यांच्या नमुन्यांतल्या आनुवंशिक द्रव्याचे तुकडे सरसकट वाचून काढले. एक लाखाहून अधिक तुकड्यांत चौदा तुकडे असे निघाले, की ते उंदरांच्या अंगी राहणाऱ्या विषाणूंच्या कुळातले होते. विषाणू नवीनच होता. दाता मरणापूर्वी पूर्वीच्या युगोस्लाव्हियाच्या खेड्यांतून तीन महिने फिरून आला होता. एवढ्या मोठ्या यंत्राने जे शोधले, त्याचा धागा शेवटी त्या माणसाच्या प्रवासाला जाऊन मिळाला.

हे वाचून कोणी अवयवदानाला भिऊ नये. अशा घटना फार विरळा आहेत. विरळा आहेत म्हणूनच त्या जगभरच्या वैद्यकीय मासिकांत छापून येतात. दात्याची कसून तपासणी होते, आणि रोपणाने वाचलेल्या माणसांपुढे हे अपघात मूठभरही नाहीत. मात्र कधी तुमच्या घरातल्या गेलेल्या माणसाचे अवयव देण्याची वेळ आली, आणि दुःखाच्या त्या घडीला कोणी विचारले, "यांना कुत्रे चावले होते का? कुठे प्रवास केला होता का?" तर संतापू नका. आठवून सांगा.

घरात एक वही ठेवा

ज्यांच्या घरी रोपण झालेला माणूस आहे, त्यांनी शंभर पानी वही घ्यावी आणि तिच्यात इतके लिहून ठेवावे:

१. रोपणाची तारीख, चालू गोळ्यांची नावे आणि मात्रा. गोळी बदलली की तारखेसह नोंद.

२. कुत्रे, मांजर, माकड, वटवाघूळ चावले किंवा ओरबाडले तर तारीख. चावताच जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. रोपण झालेल्या माणसाला ओरखडा किरकोळ असला तरी लसीबरोबर जखमेत द्यायचे सीरमही लागते. "माझे मूत्रपिंड बदललेले आहे" हे तिथे आपणहून सांगावे.

३. उकिरडा, गोठा, भुसा, चिखल, विहिरीचा गाळ यांत केलेले काम. गाय-शेळी गाभडली असेल तर तेही.

४. परगावी, परमुलखात जाणे, यात्रा, ऊसतोडीचा मुक्काम.

५. घरात कोणाला क्षय झाला असेल तर त्याची नोंद.

६. दुसऱ्याकडून घेतलेले कोणतेही औषध, झाडपाला, भस्म, दुकानातली अंगदुखीची गोळी. अंगदुखीच्या कितीतरी गोळ्या मूत्रपिंडाला घातक असतात. काही प्रतिजैविके आणि बुरशीवरच्या गोळ्या टॅक्रोलिमसचे प्रमाण भलतेच वाढवतात.

अंगात १००.४ डिग्री ताप भरला, किंवा ताप नसून दोन दिवस जेवण तुटले, डोके दुखत राहिले, खोकला लागला, कातडीवर गाठ आली, तर गावात औषध बदलत बसू नये. त्याच दिवशी रोपण केलेल्या इस्पितळाला फोन करावा. रोपणाच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने एक दिवसही बंद करू नयेत.

आणि काम? शेतकऱ्याला शेत सोडा म्हणणे म्हणजे माशाला पाणी सोडा म्हणण्यासारखे. मीही ते म्हणणार नाही. देखरेख, पाणी धरणे, हिशेब, बाजार ही कामे त्यांनी करावीत. पायात बूट, हातात मोजे. उकिरडा, कुजका कडबा, मळणीची धूळ आणि कबुतरांचा माळा ही कामे घरातल्या दुसऱ्याने उचलावीत. दूध उकळूनच प्यावे.

खर्चाचे भान मला आहे. प्रत्येक तपासणीला पैसे पडतात, एस.टी.चे भाडे आणि बुडालेला रोज वेगळाच. म्हणून डॉक्टरांना नम्रपणे विचारा, "ही तपासणी कशासाठी? हिच्यामुळे औषधात काय फरक पडेल?" चांगला डॉक्टर सांगतो. इस्पितळात समाजसेवेचे काम बघणारे कर्मचारी असतात, मदतीच्या योजनांची माहिती त्यांना विचारा.

आता वहिनींच्या घराची पुढची हकिगत. परवा त्यांचे कार्ड आले. त्या सकाळी सासूबाई स्वतः इस्पितळात गेल्या आणि डॉक्टरांपुढे उभ्या राहून म्हणाल्या, "माझ्या लेकाने उकिरडा उपसला. चूक आमची आहे. काय बोलायचे ते मला बोला, त्याचे औषध थांबवू नका." डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी म्हातारीला बसायला खुर्ची दिली आणि लॅबला फोन लावला, "ती ताटली टाकू नका." नळी घालून काढलेल्या पाण्यात नवव्या दिवशी नोकार्डिया उगवला. क्षय नव्हता. औषध सुरू झाले, ताप उतरला, भाऊजी भाकरी मागून घेऊ लागले. औषध अजून पुष्कळ महिने चालायचे आहे.

कार्डाच्या कोपऱ्यात सासूबाईंचा निरोप आहे: "कबुतरे मोजली. अकरा निघाली. माळा बंद केला."

पुढच्या अंकात कुत्रे चावल्यावर घरी काय करावे आणि काय करू नये, याविषयी सविस्तर लिहीन. तुमच्या शंका असतील तर त्याआधी कळवा.